सर्वसमावेशक नळ

लोकशाहीत माणसापेक्षा त्याची जमात मोठी, कारण माणूस एका खुर्चीत मावतो आणि जमातीला समिती लागते. केनियातल्या आमच्या मकुरुंगा जिल्ह्याने हे फार लवकर ओळखलं. इथे नियमच आहे: प्रत्येक समितीत प्रत्येक जमातीचा एक सदस्य हवा. एकही कमी पडला तर बैठक रद्द (चहा रद्द होत नाही).

जिल्ह्यात जमाती नऊ. त्यांतली वाकिले जमात सर्वांत लहान, म्हणजे एक माणूस. बाकीचे पोटापाण्यासाठी मोंबासाला गेले, आणि त्याची बायको काडझो सरकारदरबारी बापाच्या जमातीत मोजली जाते. त्यामुळे वाकिले सदस्य जिल्ह्यातल्या सगळ्या समित्यांवर आहे. तो शेळ्या पाळतो, पण विमानतळ समितीवर आहे (विमानतळ नाही), आणि महिला बचत समितीवरही आहे, कारण वाकिल्यांत महिला उरलेली नाही.

त्याचं मागणं एकच होतं. दारात नळ. काडझोचे गुडघे गेले होते. उजाडायच्या आत ती नदीकडे निघायची, आणि परतताना डोक्यावरचा कॅन डचमळे, तिच्याबरोबर सगळी वाटच डचमळे.

"काय सदस्यसाहेब," ती विचारायची, "आज पाणी आणलंत, की नुसतीच मंडाझी?"

"विषय पटलावर आहे," असं म्हणून तो बैठकीतली तळलेली मंडाझी खिशातून काढून तिच्यापुढे ठेवायचा.

"ही गिळायला तरी पाणी लागेल ना."

शेवटी विषय पाणी समितीपुढे आला. अध्यक्ष तबिथाबाईंचे डोळे पाणावले (समितीचं त्या वर्षातलं पहिलं पाणी). "काका, तुमचा नळ हा आमचा अभिमान आहे."

तेवढ्यात कायदा सल्लागार ओबाडाया खाकरला. "नळ वाकिल्यांचा आणि मत देणारेही वाकिले. हा हितसंबंध झाला. काकांनी बाहेर थांबावं."

काका बाहेर गेले. सदस्य कमी पडला, बैठक रद्द. काका आत आले. हितसंबंध सुरू. असं पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चाललं. मग उंबरठ्याचा तोडगा निघाला: एक पाय आत, एक बाहेर. ओबाडायाने खाली वाकून पाहणी केली.

"आतला पाय हजर, बाहेरचा तटस्थ. पण काका, नळ आला की पाय दोन्ही धुणार ना?"

"धुणार."

"मग झालं. तटस्थ पायालाही लाभ, म्हणजे हितसंबंध आलाच."

आता नळ अशाच कुणाला देणं भाग होतं, की ज्याच्या लाभाला एका माणसाचा लाभ म्हणता येणार नाही. तबिथाबाईंची जमात जिल्ह्यात निम्म्याहून जास्त. त्यांना मिळालं ते जनतेला मिळालं, असं धरता येतं. नळ त्यांच्या अंगणात बसला (आधीचे दोन होतेच, त्यामुळे अनुभव होता). ठरावाला वाकिले सदस्याचा आतला पाय अनुकूल होता. उद्घाटनाला पहिला पेला त्याच्याच हातात दिला, आणि फोटो झाल्यावर परत घेतला.

काडझो अजूनही अंधारात निघते. तबिथाबाईंच्या कुंपणापलीकडे पाणी वाजतं. ती घटकाभर थांबते, डोक्यावरची चुंबळ सारखी करते, आणि नदीची वाट धरते.

तुम्हालाही वाईट वाटलं असेलच. त्याची जमात तुम्हाला कळली, समित्या कळल्या, कुठला पाय कुठे होता तेही कळलं. त्याचं नाव काय, हे मात्र इथवर तुमच्या मनातही आलं नाही. अशीच समजूतदार माणसं आम्हाला हवी आहेत. तुमच्या जमातीची जागा पाणी समितीत रिकामीच आहे. अर्जावर नाव लिहायची गरज नाही.