त्रिंबकराव विद्वांसांची मोगरी

त्रिंबकराव विद्वांस कुणाच्याही घरी गेले, की वहाणा काढण्याआधी कोटाच्या खिशातून एक लाकडी चेंडू काढून जमिनीवर सोडायचे. तो गडगडत कुठल्या कोपऱ्यात जातो ते डोळे बारीक करून बघायचे आणि यजमानांना सांगायचे, "तुमचं घर नैऋत्येला उतरतंय." बारशाला गेले तरी हेच, सुतकात भेटायला गेले तरी हेच. पलीकडच्या पोस्टमास्तरांच्या मुलीला बघायला पुण्याची मंडळी आली होती, तेव्हा हा चेंडू थेट मुलाच्या वडिलांच्या खुर्चीखाली गेला. त्रिंबकराव गुडघे टेकून त्यांच्या धोतराच्या सोग्याखाली चाचपत बसले. लग्न जमलं, पण मुलाकडच्यांनी यादीत सगळ्यात वर लिहून दिलं, की कार्याला ते चेंडूवाले गृहस्थ नकोत.

मी त्या वेळी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि या गृहस्थांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. त्रिंबकराव रेल्वेच्या नकाशाखान्यातून ट्रेसर म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पातळ कागद ठेवून रेघा गिरवायच्या, हे त्यांचं काम. अशा माणसाला म्हातारपणी स्वतःची रेघ मारायची हौस आली, की शेजाऱ्यांनी घर बदलावं. मी बदललं नाही. मास्तरांना घरं कोण देतो?

त्यांच्या हौसेचं नाव क्रोके. हा साहेबलोकांचा खेळ. हिरवळीवर लोखंडी कमानी रोवायच्या आणि लांब दांड्याच्या लाकडी मोगरीने चेंडू ढकलत एकेका कमानीतून काढायचा. एकदा कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याची हद्द मोजणाऱ्यांबरोबर नकाशा घेऊन गेले असताना त्रिंबकरावांनी कुंपणाबाहेरून तो पाहिला. दुसरा कोणी असता तर त्याला खेळावंसं वाटलं असतं, नाहीतर साहेबाचा राग आला असता. यांना वाटलं, "खेळ बरा आहे, पण हत्यारं गबाळी आहेत." एवढ्या भांडवलावर त्यांनी विलायतेला शहाणं करायचा विडा उचलला. स्वतः एकही सामना कधी खेळले नव्हते. त्यांना बोलावणार कोण?

पहिला शोध घंटीची कमान. चेंडू खालून गेला, की वर डाव्या अंगाला बांधलेली घंटी वाजायची. कशासाठी? "पंचाला झोप लागली तर," असं उत्तर मिळालं. लोणावळ्याच्या वाऱ्याला चेंडूची गरज नसते. सहाच्या सहा कमानी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाजायच्या. तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांची म्हैस आपल्या जातीचं कुणी बोलावतंय अशा समजुतीने अंगणात शिरली आणि दोन कमानी तुडवून गेली. त्रिंबकराव वाकड्या सळ्यांकडे बघून शांतपणे म्हणाले, "तत्त्व बरोबर आहे, अंमल चुकला."

हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा असे. भाजी करपली तरी तत्त्व बरोबरच असे.

मग आली पाणसळीची मोगरी. गवंडी भिंतीचा थर सपाट आहे का बघायला पाणसळ लावतो, तशी काचेची नळी मोगरीच्या डोक्यात बसवलेली. मारण्याआधी नळीतला बुडबुडा मधोमध आणायचा. तो आणेपर्यंत बघणाऱ्याचा एक चहा व्हायचा. आणि पहिल्याच टोल्याला काच फुटली. या मोगऱ्या घडवायला ओढ्याकाठी खाली असलेल्या औंढे गावाहून धोंडू सुतार यायचा. सरळ माणूस. काचा वेचता वेचता त्याने विचारलं, "आबा, ह्ये खेळायचं हाय, का नुस्तं मोजायचं हाय?"

"तुला तत्त्व कळत नाही, धोंडू."

"न्हाई कळत. पर बाभळीचं लाकूड कळतं, अन् ते ह्या कामाचं न्हाई."

पावसाळ्यात लोणावळ्याला हिरवळ नसते, तळं असतं. म्हणून त्रिंबकरावांनी मेण चढवलेला, आतून पोकळ, पाण्यावर तरंगणारा पावसाळी चेंडू काढला. तो उत्तम तरंगला. अंगणातून गटारात, गटारातून ओढ्यात, आणि तिथून थेट औंढ्याला. चार दिवसांनी धोंडू तो घेऊन आला. "आबा, ह्यो आमच्या खाचरात घावला. लावणी करताना पायाखाली आला. मला वाटलं कासव हाय." त्रिंबकरावांनी चेंडूवरचा चिखल पुसला आणि अभिमानाने मला दाखवला, "बघा मास्तर, मेण तसंच आहे!"

या साऱ्याचा कळस झाला एका पारशी शेटजींच्या बंगल्यावर. त्यांच्याकडे खरी हिरवळ होती आणि स्वभावाने ते फार भिडस्त होते, म्हणून त्रिंबकरावांना प्रात्यक्षिकाची परवानगी मिळाली. मीही गेलो; फजिती जवळून बघायला मिळावी एवढाच माझा हेतू होता. या खेपेचा शोध होता उघडमिटीची कमान. नवशिक्यासाठी रुंद करायची, तरबेजासाठी अरुंद. आत स्प्रिंग. शेटजींच्या वृद्ध भगिनींनी मोगरी उचलली, चेंडू अलगद ढकलला. तो कमानीत शिरला आणि कमान खाडकन मिटली. चेंडू अडकला. शेटजींनी ओढला, मी ओढला, माळ्याने पहार आणली. चेंडू काही सुटला नाही.

शेटजी घाम पुसत म्हणाले, "विद्वांस, तुमी तर फस्क्लास घुशीचा सापला केला रे!"

त्यात थट्टा नव्हती. हिरवळ उकरणाऱ्या घुशींनी ते खरोखरच जेरीस आले होते. त्यांनी कमानी ठेवून घेतल्या, आणि पंधरा दिवसांत माळ्याने सात घुशी धरल्या. गावभर ही गोष्ट झाली. त्रिंबकरावांच्या कुठल्याही शोधाला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं यश.

एवढा माल हाताशी आल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. शाळेच्या संमेलनासाठी आम्हा मास्तरांचा एक फार्स बसवायचा होता. मी दोन दिवसांत लिहिला आणि त्रिंबकरावांची भूमिका स्वतःच घेतली. जळक्या बुचाच्या मिशा, लांब कोट, मोगरी म्हणून घरातलं मुसळ. म्हैस झाले ड्रॉइंगमास्तर. दुपारच्या उन्हात शाळेचं पटांगण माणसांनी भरलं होतं आणि माझ्या प्रत्येक वाक्याला हशा मिळत होता. चेंडू यजमानाच्या धोतरात शिरतो त्या प्रवेशाला तर मामलेदारांनी डोळे पुसले.

मग माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. तिथे त्रिंबकराव बसले होते. त्यांना बोलावणं गेलेलं नव्हतं. ते हसत नव्हते. कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलने काहीतरी लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी संमेलनाची सुट्टी होती. सकाळीच दाराची कडी वाजली. मी मनात सबबी जुळवून ठेवल्या होत्या: पात्र काल्पनिक आहे, शेजाऱ्याचा संबंध नाही, वगैरे. त्रिंबकराव आत आले, खाटेवर बसले आणि त्यांनी तो चिटोरा उलगडला.

"दुसऱ्या प्रवेशात कमान उलटी रोवलीत. घंटी डाव्या अंगाला हवी."

"बरं," मी म्हणालो.

"आणि मोगरी धरताना दोन्ही अंगठे खाली. तुम्ही कांडण केलंत. तेवढं सुधारा. पुन्हा कधी आहे प्रयोग?"

"पुन्हा नाही, त्रिंबकराव. संमेलन वर्षातून एकदाच असतं."

"अरेरे." त्यांनी चिटोऱ्याची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "मास्तर, हा खेळ मांडून बारा वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या अंगणात कुणी आख्खा डाव बघायला बसलं नाही. ही होती तोवर ही बसायची. तिला त्यातलं काही कळायचं नाही, निवडायचं सूप मांडीवर असायचं, पण बसायची. काल तीनशे माणसं बसली होती. हसली म्हणा. पण शेवटपर्यंत कोणी उठलं नाही."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "खेळायला माणसं किती लागतात?"

"चार असली तर छान. दोन पुरतात."

"आणि तुम्ही?"

"मी दोन्हीकडून खेळतो," ते म्हणाले. "तांबडा चेंडू माझा, निळा... निळाही माझाच."

"रविवारी येतो मी."

"या, या." ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. "आज सुट्टीच आहे ना तुम्हाला?"

मी गेलो. अंगण झाडून, पाणी मारून, चोपून तयार होतं. निळा चेंडू मला मिळाला. मी वाईट खेळलो हे सांगायला नको. नवल हे, की बारा वर्षं दोन्हीकडून खेळूनही त्रिंबकराव माझ्याहून फारसे बरे नव्हते. तरी ऊन कलताना आम्ही दोघंही साऱ्या कमानी पार करून शेवटच्या खुंटीशी आलो. खुंटीला चेंडू लागला, की डाव संपतो. त्यांचा चेंडू तिच्यापासून जेमतेम हातभर लांब होता. त्यांनी मारला, तो बाजूने गेला. पुढच्या पाळीला पुन्हा बाजूने गेला. तिसऱ्यांदा मी नीट पाहिलं. मारताना ते खुंटीकडे बघतच नव्हते.

मग माझी पाळी आली. खुंटी अगदी समोर होती. मी चेंडू तिच्या शेजारून दूर, पेरूच्या झाडापर्यंत घालवला.

"तुमचा नेम फार वाईट आहे, मास्तर," त्रिंबकराव खुशीत म्हणाले, आणि माझा चेंडू आणायला स्वतःच निघाले.