सुधाभाऊंचा पाऊण सेकंद

लाइन गेली की आमच्या गल्लीत सगळे आधी पंख्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. सुधाभाऊ गावंडे मात्र असतील तिथून पळत सुटतात. एकदा तर ते न्हाव्याच्या खुर्चीतून उठून, अर्धी दाढी झालेली, गळ्यात पांढरं फडकं, तसेच धावत घरी आले. गल्लीत नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, यांच्या घरी मशीनवर ठेवलेला कोणी पेशंट असणार. प्रत्यक्षात पेशंट म्हणजे ते मशीनच.

सुधाभाऊंच्या मागच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट आहे. सहा कोनांचे पाच काळे पॅड स्टँडवर लावलेले, आणि वायरींनी त्यांना जोडलेला एक जाडजूड डबा. डब्यावर बटणं, एक छोटी काच आणि एक लाल दिवा. मी यवतमाळला बदलून आल्याला अकरा वर्षं झाली. तो दिवा विझलेला मी कधी पाहिला नव्हता. वर झाकायला मंदावहिनींचा लग्नातला शालू. "माह्या अंगावर चार डाव आला असन," वहिनी सांगतात, "त्याच्या अंगावर रोज असते."

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून सुधाभाऊ निवृत्त झाले, पण त्यांनी नोकरीबद्दल बोललेलं मी ऐकलेलं नाही. कुठेही गाणं लागलं की त्यांचा एकच प्रश्न, "चामडं का करंट?" म्हणजे हा ठेका खऱ्या वाद्याचा की विजेवरचा? माझ्या सासूबाईंच्या तेरवीला पंगत बसली असताना कुणाचा तरी मोबाइल वाजला. सुधाभाऊ पानावरून माझ्याकडे झुकले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं कुजबुजले, "मॅडम, चामडं का करंट?"

मी हात जोडून पाहुण्यांना बसवत होते. "करंट," म्हटलं.

"करेक्ट!" म्हणून त्यांनी भर तेरवीत माझ्याशी हात मिळवला.

आणि एकदा का शालू काढून ते मशीनसमोर बसले, की तुमची दुपार गेली. "पहिले काय होतं मॅडम, एका गाण्याले वाजवणाऱ्यांची रांग बसे. तबला, ढोलक, कोंगो. एक माणूस तं फक्त खुळखुळा हालवाले! मंग बाहेर देशातून हे आलं. चामडं नाई, ताणाले कडी नाई, पावसात सूर उतरत नाई. काडी मारली का, पिऊऽऽ!" आणि ते पॅडवर काडी मारत. आवाज वरून खाली घसरत यायचा, विहिरीत काहीतरी सोडल्यासारखा. माझ्याही अंगावर काटा यायचा. "हाच तो! साऱ्या डिस्कोत हाच होता! मंग नवीन मशिनी आल्या, लोकायनं हे भंगारात देऊन टाकलं. अन् आता? आता सारी दुनिया हाच जुना आवाज कॉम्प्युटरात शोधून राह्यली!" बोलताना त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर ठेका धरत. साठी उलटलेला माणूस, पण त्या वेळी चेहरा जत्रेतल्या पोरासारखा.

पाचव्या पॅडला मात्र ते माझ्यासमोर काडी लावत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तो राहू द्या."

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारी भर दुपारी सुधाभाऊ दारात उभे. बनियनवर, घामाघूम.

"मॅडम, तुम्ही सायन्सच्या हाये ना?"

"सुधाभाऊ, मी जीवशास्त्र शिकवते."

"मंग बरोबर हाये. जीवाचाच प्रश्न हाये. चाला."

डब्याच्या काचेवर सेल संपत आल्याची खूण लुकलुकत होती. आतला बारका सेल वर्षानुवर्षांचा. त्याच्या भरवशावर मशीन बंद करणं म्हणजे आतली साठवण पुसली जाण्याची भीती, म्हणून लाल दिवा कायम चालू, इन्व्हर्टर तैनात, आणि लाइन गेली की तो लागला का हे बघायला सुधाभाऊंची धाव. आता इन्व्हर्टरही कुरकुर करायला लागला होता.

"पण आत साठवलंय काय एवढं?"

सुधाभाऊ शालूची घडी घालायला लागले. वहिनी दारातून म्हणाल्या, "किसनभाऊचा ठोका."

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. सुधाभाऊ तरुणपणी ऑर्केस्ट्रात होते. दुर्गोत्सवात एका मंडळातून दुसऱ्या मंडळात, रोज नवा स्टेज. त्यांच्या शेजारी ढोलकवर कळंबचे किसन मेश्राम. दोघं एका ताटात जेवणारे. नागपूरच्या एका वादकाकडून सुधाभाऊंनी हे मशीन आणलं. त्यात बाहेरचा एकच आवाज भरता यायचा, तोही पाऊण सेकंदाचा. किसनभाऊ कौतुकानं म्हणाले, "घे बे, माहा ठोका भर तुह्या डब्यात." भरला. पाचव्या पॅडवर काडी मारली की हुबेहूब किसनची थाप. सगळे नाचले. ऑर्केस्ट्राचा मालकही नाचला, आणि पुढच्या दुर्गोत्सवाला त्यानं किसनभाऊंना बोलावलंच नाही. ठोका डब्यात असताना माणूस कशाला?

"तुम्ही काय म्हणालात तेव्हा?" मी विचारलं.

"काईच नाई," सुधाभाऊ म्हणाले. "मी वाजवलं."

तेव्हापासून किसनभाऊ त्यांच्याशी बोलले नव्हते.

आम्ही मशीन उघडलं. युक्ती सुधाभाऊंनी वहीत काढून ठेवली होती. हिंमत तेवढी झाली नव्हती. जुना सेल काढण्याआधी दोन वायरींनी दुसरा सेल जोडून ठेवायचा, म्हणजे आतल्या आठवणीला क्षणभरही उपास घडत नाही. मी चिमटे धरले, वहिनींनी टॉर्च धरली, सुधाभाऊंनी सोल्डरिंगची कांडी तापवली. कांडी टेकवताना वहिनींनी मोकळ्या हातानं त्यांचं मनगट पकडलं. नवा सेल बसला. सुधाभाऊंनी अकरा वर्षांत पहिल्यांदा, माझ्यादेखत, मशीन बंद केलं. दिवा विझला. मोजून दहा श्वास. पुन्हा चालू. त्यांनी पाचव्या पॅडला हळूच काडी लावली.

धाऽ!

"हाये!" सुधाभाऊ ओरडले. "आवो हाये मॅडम!" आणि ते खोलीभर नाचले, वहिनींना टॉर्चसकट फिरवलं.

दम लागून ते बसले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता बंद करून नेता येते ना? मंग घेऊन जा त्याच्याकडे. किती वर्स एकटेच ऐकसान?"

दुसऱ्या दिवशी आम्ही काळीपिवळी जीपमधून कळंबला गेलो. डब्यासाठी सुधाभाऊंनी वेगळी सीट धरली होती आणि खड्डा आला की ते डब्याला पोटाशी घेत. पाचवा पॅड आणि छोटा स्पीकर माझ्या मांडीवर.

दार किसनभाऊंच्या सुनेनं उघडलं. किसनभाऊ खाटेवर बसलेले. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, हात मांडीवर निपचित. त्यांनी सुधाभाऊंना ओळखलं आणि भिंतीकडे बघायला लागले.

सुधाभाऊंनी वायरी जोडल्या आणि काडी मारली. धाऽ!



"पुन्यांदा वाजव," किसनभाऊ भिंतीलाच म्हणाले.

धाऽ!

"ठोका भरला त्या दिवशी ढोलक सुरातून उतरेल होती," ते म्हणाले. "तुले तवाबी समजलं नव्हतं."

"किसना," सुधाभाऊंनी काडी खाली ठेवली. "मी तवा बोलाले पायजे होतं."

"हो. पायजे होतं." किसनभाऊ आता वळून त्यांच्याकडे बघत होते. "हे काहून जपून ठेवलं?"

"तुहा हात हाये तो."

"मी जिता हाओ ना अजून? पुसून टाक. नवीन भर." त्यांनी सुनेला फळीवरची ढोलक काढायला सांगितली. "डावा चालते माहा."

सुधाभाऊंनी डबा छातीशी धरला. ज्या पाऊण सेकंदासाठी माणूस अर्धी दाढी घेऊन धावला, तो आता स्वतःच्या बोटानं पुसायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीवशास्त्राची बाई, काय सांगणार? मग त्यांनी डबा खाली ठेवला, वायरींच्या पिशवीतला माईक लावला आणि बटण दाबलं.

किसनभाऊंनी डावा हात उचलला. थाप पडली ती फुसकी, वाकडी, कडेला घासलेली. सुधाभाऊंनी काडी मारून ती ऐकवली.

"हॅट्!" किसनभाऊ म्हणाले. "पुन्यांदा."

दुसरी त्याहून वाईट. तिसरीला सून हसली. चौथीला किसनभाऊ स्वतः हसले, अर्ध्याच ओठानं, आणि सुधाभाऊ चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले. दर वेळी आधीची थाप पुसली जात होती आणि ते बिनदिक्कत पुसत होते.

चार वाजता मी म्हटलं, "निघूया? जीप लागली असेल."

"तुम्ही जा मॅडम," सुधाभाऊ ढोलकचा सूर चढवायला कडी ओढता ओढता म्हणाले. "मंदाले सांगजा, मी आज इथंच जेवतो."

किसनभाऊंनी सुनेला आवाज दिला, "ताट एकच वाढजो वं. मोठं घे."