हडळबाईंची नोकरी

"आजी, तुझा दात पडला बघ!" पिटुकली खिदळली आणि तिने सुळा उचलून हडळीच्या हातात दिला.

"कट!" दिग्दर्शक किंचाळला. सकाळपासून ओरडून त्याचा घसा बसत आला होता.

हडळ म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आयुष्यभर त्यांनी मुलांची नाटकं बसवली; स्वतः तोंडाला रंग लावायची संधी आत्ता कुठे मिळाली होती. तीही गाजलेल्या कादंबरीवरच्या चार भागांच्या भयमालिकेत! कादंबरीतल्या नातीची किंकाळी वाचून म्हणे भलेभले दिवा लावून झोपले होते. इथे मात्र नात झालेली पिटुकली हसायची थांबेना. मेकअपच्या खोलीतच दोघींची गट्टी जमली होती.

बाईंना लाल डोळे लावले. "डोळे आलेत का गं?" पिटुकलीने विचारलं. धूर सोडला, तर बाईंनाच ठसका लागला आणि पिटुकली पाणी घेऊन धावली. शेवटी बाईंना तारेने छतापर्यंत उचललं.

"आता माझी पाळी!" पिटुकलीने हात वर केले.

दिग्दर्शक बाईंजवळ आला. "तुम्ही फार प्रेमळ दिसता, बाई."

"सवय आहे हो. पोरांना घाबरवून काही शिकवता येत नाही."

"शिकवायचं कुठंय? घाबरवायचंच आहे! निर्माते येतायत. जमलं नाही तर उद्या दुसरी हडळ."

बाईंनी सुळा पुन्हा घट्ट बसवला.

निर्माता आला. सकाळचं चित्रीकरण पाहून त्याने मांडीवर थाप मारली. "अरे, ही तर प्रेमळ हडळ! सगळं घर मिळून बघेल. चार भाग कसले, चारशे करू!"

"पण साहेब, कादंबरीत..."

"ती मी तरी कुठे वाचलीय?"

पिटुकलीने बाईंची बाही ओढली. "आजी, म्हणजे सुट्टीभर रोज इथेच? मग मी खेळायचं कधी?"

मुलांशी खोटं बोलणं बाईंना कधी जमलंच नव्हतं. "पुढच्या सुट्टीतसुद्धा, बाळा."

पिटुकलीने अशी किंकाळी फोडली, की शिडीवरचा दिवेवाला दिव्यालाच बिलगला.

"जमली की!" बाईंना हायसं वाटलं.

"किंकाळी आता कोणाला हवीय?" निर्माता खेकसला. "मला मघाचं हसू पाहिजे. हसवा तिला, नाहीतर उद्या दुसरी हडळ!"

बाईंनी डोळे पुसले आणि पिटुकलीपुढे वाकून आपलं सगळ्यात गोड हसू काढलं.

पिटुकली किंचाळत मागे सरकली. आजी तिला आत्ता पहिल्यांदाच भयानक दिसली होती.