गेनूनाना आणि खालच्या ओळीतली पोर

आमचे गेनूनाना माझ्याकडे नुसते चहाला आले तरी अंगणातूनच पुकारतात, "निरगुडसरकर नामदेव मास्तरांच्या दारात गेनू बाबूराव हजर." तीस वर्षं बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, माइकवर काढल्याचा हा परिणाम. गाडा सुटण्याआधी मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, सुटला की "झाली, झाली, झाली", आणि मग सेकंद. "आधी नाव, मग कवतिक" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नात नवरदेवाचं नावसुद्धा भटजींच्या आधी नानाच घेतात.

नानांची नात पुण्याला कॉलेजात शिकते आणि चिअरलीडिंगच्या स्पर्धेत उतरते. हे कळल्यावर निम्मं गाव गालातल्या गालात हसलं. चिअरलीडिंग म्हणजे क्रिकेटच्या मैदानाकडेला नाचणाऱ्या पोरी, एवढंच टीव्हीनं आम्हाला शिकवलेलं. नाना मात्र मोबाइलवर व्हिडिओ दाखवत दारोदार फिरले. एकीला वर फेकायचं, तिनं हवेत गिरक्या घ्यायच्या, खालच्यांनी अलगद झेलायचं, आणि या सगळ्याला पंच गुण देतात. नात खालच्या ओळीत, म्हणजे झेलणाऱ्यांत.

पहिल्या स्पर्धेची बातमी आली तेव्हा नाना पेपर घेऊन तरातरा माझ्याकडे आले. फोटोत वरची हसरी पोर, खालच्या पोरींचे नुसते हात. खाली ओळ होती, 'रंगीबेरंगी पोशाखातील तरुणींच्या दिलखेचक अदांनी उपस्थितांना भुरळ'.

"अदा?" नाना म्हणाले. "माझ्या पोरीनं जित्तं माणूस डोक्यावर धरलं व्हतं, आन् ह्यास्नी अदा दिसली. त्याच पानावर शर्यतीची बातमी बघा. बैलाचं नाव हाय, मालकाचं हाय, सेकंद हायेत. पोरींचं नाव न्हाई, गाव न्हाई, गुण न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंचरला वार्ताहराला गाठलं. तो बिचारा म्हणाला, "नाना, फोटोला हसरा चेहरा लागतो. खालच्या पोरींचे चेहरे आवळलेले असतात." नाना त्याला बाजार समितीत घेऊन गेले, ओळखीच्या हमालाकडून त्याच्या डोक्यावर कांद्याची गोणी ठेववली आणि म्हणाले, "आता हसून दाखीव." तो हसला नाही. पण पुण्यातल्या बातम्या पुण्याचेच लोक लिहितात, एवढं त्यानं गोणीखालून सांगितलं.

म्हणून पुढच्या स्पर्धेला नाना स्वतः निघाले. फेटा बांधून, मला बरोबर घेऊन. पोरी मैदानात आल्या आणि नाना उभे राहिले. माइक नव्हता, त्यांना लागतही नाही. खालच्या ओळीतल्या एकेकीचं नाव, बापाचं नाव, गाव त्यांनी खणखणीत पुकारलं. वरची पोर हवेत गेली तशी "झाली, झाली, झाली" सुरू झालं. मी मान खाली घालून बसलो होतो. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, संघाचा दुसरा नंबर आला, आणि पत्रकारांनी नानांभोवती गराडा घातला. नानांनी त्यांना सगळी नावं पुन्हा सावकाश सांगितली, लिहून घ्यायला लावली.

सकाळी चार कॉलमी फोटो आला. 'फेटेवाल्या आजोबांनी जिंकलं मैदान'. नानांचं नाव, वय, गाव, मिशांची लांबीसुद्धा. पोरींबद्दल एक ओळ: 'नातीच्या संघाला दुसरा क्रमांक'.

मंचरच्या बाजारात लोक नानांबरोबर सेल्फी काढू लागले. नाना दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन ओट्यावर बसले.

"मास्तर, पोरीची जागा म्याच खाल्ली," ते म्हणाले. "तिचा फोन आलता. म्हनली, आजोबा, तुमी लई फेमस झाला. हसली. पन तिचं हसू मला कळतं वो. तिच्या आईच्या माघारी म्याच वाढवलीय तिला."

एवढा मोठा आवाज असलेला माणूस इतकं हळू बोलताना मी प्रथमच पाहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

"तुमी लिवता," ते म्हणाले. "एकदा तिच्यावर लिवा. मला वगळून."

मी हो म्हणालो. आणि वर पाहा, काय लिहून बसलोय. फेटा आला, मिशा आल्या, गोणी आली. पोर नुसती 'नात' म्हणून आली.

नाना, चुकलो. ऋतुजा संतोष, गाव निरगुडसर. खालची ओळ, डावीकडून दुसरी. आजपर्यंत तिच्या हातून एकही पोर खाली पडलेली नाही.