सगुणाचा हलणारा दात

करंजदऱ्याच्या शाळेत पाचवीचा वर्ग नाही, त्यामुळे तिथली मुलं नऊ वर्षांच्या पुढे वाढत नाहीत. पाचवी पूर्वी होती. एका पावसाळ्यात त्या खोलीचे पत्रे उडाले, तिथल्या गुरुजींची बदली झाली आणि वर्ग तात्पुरता बंद ठेवण्यात आला. तो अजून तात्पुरताच बंद आहे.

माझी तिथे नेमणूक झाली तेव्हा हे मला कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटतही नसावं. पहिल्या दिवशी मी चौथीच्या वर्गात शिरले तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मुलंच मुलं, सगळी साधारण एका उंचीची. पुढच्या बाकावर सगुणा येडगे नावाची मुलगी जिभेने एक दात हलवत बसली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कधीपासून हलतोय गं?"

"तुमी कवा जन्मला, बाई?"

मी साल सांगितलं.

"त्याच्या आदीपास्नं," ती म्हणाली आणि पुन्हा दात हलवू लागली.

जेवणाच्या सुट्टीत मी शेळके गुरुजींना गाठलं. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. गुरुजी स्वभावाने शांत, मटकी निवडत निवडत बोलणारे.

"चौथी झालेलं मूल पाचवीत गेल्याशिवाय दहाचं होईल कसं, बाई? खालच्या गावात पाचवी आहे, पण मध्ये ओढा आहे आणि रानात बिबट्या. ज्यांचे मामा खाली राहतात ती पोरं तिकडं जाऊन रीतसर वाढली. बाकीची इथं थांबलीत."

"आणि शाळाच सोडली तर?"

"मग एका रात्रीत मोठी होतात. जेवढी वर्षं थांबली तेवढी सगळी एकदम. वस्तीवर जी मोठी माणसं दिसतात ना तुम्हाला, ती सगळी शाळा सोडलेली आहेत."

त्यांनी मटकीतला एक खडा काढून बाहेर टाकला. मी हादरून गेले होते, आणि या माणसाला एवढं शांत कसं राहवतं याचा मला रागही आला. पुढे कळलं की नव्या शिक्षकाचं हे असं महिनाभर होतं, मग सवय होते. मला झाली नाही.

बाकी शाळेला काही कमी नव्हतं. हात धुवायला नळांची रांग, अपंग मुलांसाठी उतार, भिंतींवर फळाफुलांची चित्रं, मोठा टीव्ही. खातं आमच्यावर खूश होतं. पट उत्तम, गळती नावापुरती, आणि गणवेशाची मापं दरवर्षी तीच. सुविधा दाखवायला लोकांना आमच्या शाळेत आणत. मागितलं ते मिळायचं, पाचवीचा शिक्षक सोडून.

बिरू शेळके वर्गात मागे बसायचा. गुरुजींच्या भावकीतला. गणितात हुशार आणि गोट्या खेळण्यात लबाड. दसऱ्यानंतर त्याचे वडील कड्यावरून पडले आणि मेंढरांमागे जायला घरात कोणी उरलं नाही. एका संध्याकाळी बिरू म्हणाला, "बाई, उद्यापास्नं मी न्हाई." मी समजावायला त्याच्या घरी जायचं ठरवलं, पण म्हटलं सकाळी जाऊ.

सकाळी वर्गाच्या दारात एक माणूस उभा होता. कानशिलावर केस पिकलेले, तळहाताला चिरा पडलेल्या, खांद्यावर घोंगडं. हातात बिरूचं दप्तर होतं. मला वाटलं, काका असेल.

"पुस्तकं जमा कराय आलोय, बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग वर्गाकडे बघून ओळखीचं हसला. मुलंही हसली. त्यांना त्यात नवीन काही नव्हतं.

"आजची खिचडी मिळंल का?" त्याने विचारलं. "आज मटकीची असती."

"पटावरच्या मुलांनाच देता येते रे," गुरुजी खाली बघत म्हणाले.

मी त्याला माझा डबा दिला. उताराच्या कठड्यावर बसून त्याने सगळा डबा खाल्ला आणि जाता जाता विचारलं, बाकाखाली त्याची निळी गोटी राहिली आहे का. मी शोधून दिली. त्या मोठ्या हातात ती ज्वारीच्या दाण्याएवढी दिसत होती. त्या दिवशी मी घरी जाऊन खूप रडले.

तालुक्याला विस्तार अधिकारी होते गुरवसाहेब. वाईट माणूस नव्हे. त्यांनी मला चहा दिला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"पाचवीसाठी दहा वर्षं पूर्ण झालेली मुलं लागतात, मॅडम. तुमच्याकडे अशी किती?"

"एकही नाही, सर."

"मग पाचवी कोणासाठी मागताय?"

"पाचवी नाही म्हणून ती दहाची होत नाहीत."

"असू शकेल. पण मंजुरी मिळते ती दहाच्या असलेल्या मुलांना. दहाच्या होणाऱ्या मुलांना देता येत नाही." मग ते जरा मऊ झाले. "तो कोण, बिरू, त्याला प्रौढ साक्षरतेत घ्या. तिकडे जागा आहेत."

मी उठले. जिन्यावर मला इतका संताप आला की उतरताना एक पायरी चुकली.

मी परतले तेव्हा वस्तीवर नवंच निघालं होतं. सगुणाची आई ठकूबाई घसरून पडली होती. वयाने पार वाकलेली बाई, आता तिला चूल पेटवणंही जमेना. बायका तिच्या अंगणात जमल्या होत्या आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, पोरीला शाळेतनं काढ. उद्या सकाळी घरात कर्ती बाई उभी राहील, तुझं सगळं करील.

"मला नगं," ठकूबाई म्हणाली.

"अगं, मग मोठी कवा व्हायची ती?"

"मोठी झालेली पोर नगं मला. व्हताना बघायचीया." ती माझ्याकडे वळली. "बाई, हिचा दात हालला तवा म्या म्हनलं, पडला की कौलावर टाकू, नवा येतुया का बघू. तवापास्नं वाट बघतीया. उद्या ही माज्यासारकी म्हातारी हून दारात आली, तर मदलं कुनाला इचारू मी? मदलं कुटं गेलं म्हनून?"

चूल मात्र कोणीतरी पेटवायलाच हवी होती. बायका म्हणाल्या, सोमवारपर्यंत बघू, मग पोरीला काढायचंच.

माझ्या भाचीची पाचवीची जुनी पुस्तकं माझ्याकडे होती. सोमवारी ती घेऊन मी शाळेत आले आणि चौथीतल्या सगळ्या मुलांना ओसरीवर बसवलं.

"बाई, मंजुरी नाही," गुरुजी म्हणाले.

"वर्गखोलीला मंजुरी लागते, गुरुजी. ओसरी कुठल्याच वर्गाच्या नावावर नाही."

गुरुजींनी यावर बराच विचार केला. मग ते आत गेले आणि मुलांना बसायला सतरंजी घेऊन आले. ठकूबाईची चूल रोज मी पेटवायची आणि गुरुजींच्या बायकोने भाकऱ्या टाकायच्या, असं ठरलं.

पहिला धडा वाचला, काही झालं नाही. दुसरा, तिसरा. अपूर्णांक सुरू झाले. मुलं नेहमीसारखी शिकत होती आणि मी रोज त्यांच्या बाह्यांकडे, बोटांकडे, गुडघ्यांकडे बघत होते. वेड लागायची पाळी आली. मग एका दुपारी मी फळ्यावर पाऊण लिहीत असताना मागून सगुणा म्हणाली, "बाई, पडला."

तिच्या तळहातावर दात होता. त्याला जरासं रक्त लागलेलं होतं.

मी सगळा वर्ग घेऊन ठकूबाईकडे गेले. तिने दात हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग पदराला पुसून पोरीला परत दिला. "टाक," म्हणाली. "शाळंच्याच कौलावर टाक. तितंच अडला हुता." सगुणाने नेम धरून टाकला. पुढच्या महिन्यात एकेकाचे दात पडत गेले आणि सगळे त्याच कौलांवर गेले. गणवेश आखूड झाले. गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा वाढीव मापांची मागणी केली, आणि त्यावरून खात्याला संशय आला.

गुरवसाहेब स्वतः आले, शिपायाला घेऊन. त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं आणि ते बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, ही मुलं विनामंजुरी वाढली आहेत."

"हो, सर."

"मंजुरी येईपर्यंत यांना पूर्ववत करावं लागेल. मला वरून तसं सांगितलंय." स्वतःचाच आवाज त्यांना आवडत नव्हता, हे दिसत होतं.

ठकूबाई काठी टेकत पुढे आली. "सायेब, दात कौलावर हाय. काडा आन् बशिवा परत."

साहेबांनी यात गैर काही मानलं नाही. त्यांनी शिपायाला शिडी लावायला सांगितली. मेंढरं घेऊन चाललेला बिरू थांबला आणि त्याने शिडी धरली. शिपाई वर चढला आणि थोड्या वेळाने ओंजळभर दात घेऊन उतरला. ठकूबाईने त्यातला एक लगेच उचलला. "ह्यो हिचा."

साहेबांनी तो रुमालात घेतला आणि सगुणाला तोंड उघडायला सांगितलं. तिने उघडलं. ते वाकून बघत राहिले. त्या जागी नवा दात आला होता, करवतीसारखी धार असलेला, अर्धाअधिक.

"इथे आता बसणार नाही," साहेब हळूच म्हणाले. त्यांनी दात ठकूबाईला परत दिला आणि ते गाडीकडे निघाले.

"सायेब," ठकूबाईने मागून विचारलं, "सावीच्या वर्गाचं कसं?"

"पुढच्या वर्षी पाहू."

"बघा. म्या हाय तवर."

गाडी गेली. मुलं ओसरीवर येऊन बसली. ठकूबाई पायरीवर टेकली आणि पोरीकडे बघत राहिली, कामधाम सोडून. बिरूने शिडी जागेवर ठेवली, मेंढरं कुंपणाकडेला चरायला लावली आणि विचारलं, "बाई, मी बसू का?"

मी म्हटलं, बस. तो सतरंजीच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसला. गणित त्याला अजून येत होतं. मी पुढचा धडा वाचायला घेतला. मध्येच मान वर केली, तर तो तोंडात अंगठा घालून एकेक दात हलवून बघत होता, समोरून सुरुवात करून अगदी शेवटच्या दाढेपर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.