नसेल तर नावही नको

सबनिसांना "कसे आहात?" विचारलं की ते "गुडघा ठीक" एवढंच म्हणत. बाकीचं? "बाकी सांगण्यासारखं काही नाही, मग सांगू कशाला?"

नोएडातल्या आमच्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. मी पुण्याहून आलेलो, ते जन्माने दिल्लीकर. आमचं काम एका संगणकाकडून दुसऱ्याकडे माहिती पाठवायचं. ती जेसॉनच्या साच्यात जाते, म्हणजे प्रत्येक रकान्याचं नाव आणि त्यापुढे माहिती. सबनिसांचा त्यात एकच हट्ट. "असेल तर पाठव, नसेल तर नावही नको!" कुणी रिकामा रकाना पाठवला की ते त्याच्या खुर्चीमागे उभे राहून नुसता उसासा टाकत. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

जेवणाचंही तेच. मोठ्या डब्यात पोळीभाजी, छोट्यात कोशिंबीर. कोशिंबीर झाली नसेल तर छोटा डबा घरीच. "रिकामं भांडं मेट्रोतून मिरवायचं कशाला, यार?" वहिनी म्हणे जिन्यापर्यंत मागे येत, "थांबा हो, दोन मिनिटांत काकडी चोचवते!"

यंदा होळीनंतर वहिनी गेल्या.

सबनीस कामावर परतले तेव्हा विमा कंपनीला कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाची माहिती पाठवायचं काम चालू होतं. तपासताना त्यांची स्वतःचीच नोंद पडद्यावर आली. नाव, वय, पत्ता. पत्नीचं नाव आता नोंदीतून काढलेलं, म्हणून नियमाप्रमाणे तो रकानाच गायब. मग त्यांनी कोडमध्ये एक अट घातली: माणसाचं लग्न झालेलं असेल, तर पत्नीचा रकाना रिकामा असला तरी जाईल.

आमच्या टीममधली रिचा म्हणाली, "सर, रूल तो आपका ही है! खाली है तो भेजना क्यों?"

"रूल ठीक है, बेटा. लेकिन मेरा रिकॉर्ड और जिसकी शादी ही नहीं हुई उसका रिकॉर्ड, दोनों एक जैसे दिख रहे थे."

रिचाने ती अट तशीच ठेवून नोंदी पाठवल्या.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. मोठ्या डब्यात त्यांनी स्वतः केलेली खिचडी होती, जरा करपलेली. मग त्यांनी छोटा डबा काढला, झाकण उघडून शेजारी ठेवलं. आत काहीच नव्हतं. घासूनपुसून लख्ख.

मी माझी कोशिंबीर चमच्याने त्यात वाढायला गेलो. त्यांनी डब्यावर हळूच हात धरला.

"नको रे," ते म्हणाले. "तिचा आहे."