तहकूब सभेचे सचिव

आमच्या जिल्हा हौशी बेसबॉल संघटनेची वार्षिक सभा दर आषाढात मुंजाजीसरांच्या ओसरीवर भरते. ठरलेल्या वेळी मुंजाजीसर सतरंजी अंथरतात, भिंतीला टेकून बसतात, समोरच्या रिकाम्या सतरंजीकडे बघून घसा साफ करतात आणि मोठ्याने जाहीर करतात, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत हाय." मग चपला घालून स्वतःच बाहेर पडतात आणि दारातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहतात. सभा तहकूब असताना सभेच्या जागी बसणं नियमात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. अर्ध्या तासाने ते आत येतात. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे यावेळी सभा रीतसर सुरू होते. उपस्थितांचं स्वागत सचिव करतात, म्हणजे तेच. विषयही तेच मांडतात, "कुणाची हरकत?" असं विचारतात आणि जरा वेळ थांबतात. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

हे मला ठाऊक आहे, कारण मी या संघटनेचा उपाध्यक्ष आहे. तेलगावच्या फाट्यावर माझं औषधाचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी मुंजाजीसर खोकल्याचं औषध घ्यायला आले, बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाले, "उपाध्यक्षपदी तुमची बिनविरोध निवड झालीय. अभिनंदन." मी बेसबॉल कधी टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "अध्यक्षांनी पण न्हाई पाहिला. त्यानं अडत न्हाई."

दुकान बंद करून निघेपर्यंत मला उशीर होतो, त्यामुळे मी पोचतो तो नेमका तहकुबीच्या अर्ध्या तासात. मग आम्ही दोघं लिंबाखाली उभे राहतो. पहिल्या वर्षी मी सहज विचारलं, "सर, आज काय काय विषय आहेत?" "सभा तहकूब हाय," ते म्हणाले. "आत्ता पावसापाण्याचं बोला."

माणसाला नावाने हाक मारणं त्यांना जमत नाही. ज्याला त्याला पदानेच बोलावतात. भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, "उपाध्यक्षसाहेब, जुलाबाच्या दोन गोळ्या द्या," असं म्हणतात आणि गिऱ्हाइकं मी कुठल्या पक्षाचा याचा अंदाज बांधत बसतात. त्यांच्या पत्नी कौसाकाकू संघटनेच्या सहसचिव होत्या. "सहसचिव, चहा टाका" ही हाक मी त्या घरात शंभरदा तरी ऐकली असेल. काकू आतून म्हणायच्या, "सहसचिवाच्या हाताला पीठ लागलंय, सचिवांनी उठावं." आणि सचिव उठायचे.

हे बेसबॉलचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते खो-खोमुळे. मुंजाजीसर शाळेत खेळाचे मास्तर होते. एकदा शिक्षकांच्या खो-खो शिबिराला गेले, तर तिथल्या माणसाने सांगितलं की खो-खोच्या जागा भरल्या, बेसबॉलमध्ये आहे एक. सरांनी विचार केला, तेवढ्यासाठी माघारी कुठं जायचं. "गेलतो खो-खोला, आलो हे घिऊन," असं ते अजून सांगतात. येताना एक बॅट आणि एक चेंडू आणला. बाकीचा खेळ इथेच तयार केला.

तयार केला म्हणजे अक्षरशः. बेसबॉलमध्ये फटका मारून चौकोनातले तीन बेस करत खेळाडूला परत घरी यावं लागतं, तेव्हा एक रन होतो. फर्स्ट, सेकंड, थर्ड ही नावं पोरांच्या ध्यानात राहीनात. धावताना गोंधळ व्हायचा. मग सरांनी बेसना गावांची नावं दिली. पहिला घाटनांदूर, दुसरा तेलगाव, तिसरा पाली. तेव्हापासून आमच्या मैदानावर "अबे, पालीला थांब, घाई करू नको" आणि "तेलगाव सोड बे, तेलगाव सोड" असा आरडाओरडा चालतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की इथे एसटीचा कंडक्टर तयार करायचं शिक्षण देतात.

बेस काकूंनी शिवले होते. युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन, त्यात चिंध्या ठासून भरून, वर पांढऱ्या कापडाची खोळ. शिवताना म्हणायच्या, "निजायचं न्हाई तर या उशा कावून शिवायच्या?" पण टाका असा पक्का घालायच्या की पोरांनी त्यावर कितीही नाचावं, उशी उसवत नसे. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. उशा अजून तशाच आहेत. सर त्या कुणाला उचलू देत नाहीत, खेळ संपला की स्वतः झटकून घरी नेतात.

आता आमच्या संघटनेचं वर्ष कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वर्ष आखितीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून सुरू होतं. आमच्या भागातली निम्मी गावं ऊसतोडीला जातात, ती तोवर परत आलेली असतात. घरी येऊन सामान उतरवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं सरांच्या दारात हजर. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, अंगात मात्र चेंडू फेकायची घाई. तिथून दसऱ्यापर्यंत मैदान भरलेलं असतं. आषाढात सभा, श्रावणात जिल्हा स्पर्धा, म्हणजे सरांच्याच गावचे दोन संघ आणि शेजारच्या वाडीचा एक. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि सगळं थंडावतं. राज्य स्पर्धा मात्र थंडीत, पौषात. खेळाडू त्या वेळी दूर पश्चिमेला कुठल्यातरी उसाच्या फडात कोयता चालवत असतात. सलग दोन वर्षं आमचा संघ राज्य स्पर्धेला गेलाच नाही.

गेल्या वर्षी राज्य संघटनेच्या माणसाचा फोन आला. मी सरांच्या शेजारीच उभा होतो. पलीकडून सांगत होते की यंदा नऊ खेळाडू मैदानात उतरले नाहीत, तर तुमच्या जिल्ह्याची मान्यता रद्द करून तुम्हाला शेजारच्या जिल्ह्याला जोडून टाकू. सर "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्यांनी खिशातला रुमाल काढून नुसता हातात धरला होता.

त्या दसऱ्याला त्यांनी संघाची निवड ट्रॉल्यांच्या मधे उभं राहून केली. पाराजवळ ट्रॅक्टर लागलेले, ट्रॉल्यांत भांडी, गोधड्या, पाण्याच्या टाक्या, एका ट्रॉलीत शेळी. सर एकेका ट्रॉलीपाशी जाऊन विचारत होते, कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण. कर्णधार भागवत गोधड्यांच्या ढिगावर बसला होता, शेजारी त्याची बायको.

"कॅप्टन, पौषात बोलवीन. एक दिवसाची गोष्ट हाय. येशील का?"

"येतो की सर. मुकादमाला इचारावं लागंल."

"मी इचारलंय. तू तेवढा ये."

भागवतची बायको म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. एक दिवस मी एकटी बांधीन मोळ्या."

ट्रॅक्टर गेले. सर धूळ खाली बसेपर्यंत हात वर करून उभे होते.

हिवाळ्यात सरांच्या गावात जायला मला आवडत नाही. घराघरांना कुलपं, ओट्यांवर म्हातारीकोतारी, आणि आवाज म्हणून फक्त पिठाच्या गिरणीचा. मुंजाजीसर मात्र दर रविवारी मैदानावर चुन्याची फक्की मारून चौकोन आखायचे. काकूंच्या तीन उशा जागच्या जागी मांडायचे. मग स्वतःच चेंडू वर उडवून फटका मारायचे, स्वतःच चालत जाऊन तो आणायचे. मी एकदा कुंपणापाशी उभा राहून बघत होतो. फटका मारून ते धिम्या पावलांनी घाटनांदूरला पोचले, क्षणभर विचार केला आणि स्वतःला आउट दिलं. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"सर," मी म्हणालो, "जोडू दे की शेजारच्या जिल्ह्याला. तुम्हाला या वयात एवढी दगदग कशाला?"

त्यांनी उशी उचलली, झटकली, काखेत धरली. "उपाध्यक्षसाहेब, संघटना गेली तर मैदान गेलं. मग आखितीला पोरं परत आली, तर माझ्या दारात कावून येतील?"

स्पर्धेला माझी गाडी न्यायचं मी तिथेच कबूल केलं.

पौषात आम्ही निघालो. स्पर्धा उसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती, त्यामुळे पोरं आपापल्या फडांवरून परस्पर तिकडे येणार होती. आणि आली. कुणी उसाच्या ट्रकमधून, कुणी मुकादमाच्या मोटरसायकलवर. अंगाला मळीचा वास, पायात स्लिपर. समोरच्या संघाचे बूट, टोप्या, कोरे गणवेश बघून आमची पोरं एकमेकांच्या मागे उभी राहू लागली. मी मोजली. आठ होती. भागवत नव्हता. त्याला फोन लावला तर म्हणाला की रात्री अचानक उसाची गाडी भरायला लागली, अजून निम्मी भरायचीय, मुकादम सोडत नाही. बोलताना तो रडवेला झाला होता.

पंच घड्याळ बघू लागले. "नऊ नाहीत. सामना देता येत नाही."

मुंजाजीसर पुढे झाले. छाती काढून, सभेतल्या आवाजात म्हणाले, "गणपूर्तीअभावी सामना अर्धा तास तहकूब करावा, अशी माझी विनंती हाय."

पंचांनी असं आयुष्यात ऐकलं नसावं. पण भला माणूस होता, थांबला. सर मैदानाबाहेर जाऊन एका बाभळीखाली उभे राहिले, नेहमीसारखे. मी शेजारी. आम्ही पावसापाण्याचं बोललो. अर्धा तास संपत आला तेव्हा रस्त्यावर कोणीच दिसत नव्हतं. सरांनी माझ्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "उपाध्यक्षसाहेब, चपला काढा."

"कशाला?"

"राखीव खेळाडूत तुमचं नाव दिलंय. वरच्या वयाची अट न्हाई. नियमात हाय."

पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, खिशात चष्म्याचं घर असलेला मी त्या दिवशी राज्य स्पर्धेत खेळलो. मला उजव्या कोपऱ्यात लांब उभं केलं, तिकडे चेंडू येत नाही म्हणून. एकदा आला. मी तो पोटाने अडवला. आमचा पराभव इतका मोठा होता की पंचांनी सामना वेळेआधीच संपवला. पण त्याआधी एकदा आमच्यातल्या सुखदेव नावाच्या पोराने फटका मारला, आणि आमची सगळी पोरं ओरडायला लागली, "तेलगाव सोड बे! पालीला थांबू नको, घरी पळ!" समोरच्या संघाला वाटलं ही काहीतरी गुप्त भाषा आहे. ते बावचळले, चेंडू भलतीकडेच फेकला गेला, आणि सुखदेव घरी पोचला. एक रन. मुंजाजीसरांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि रुमाल खिशात ठेवायचं विसरून गेले.

मान्यता राहिली. पोरं लगेच फडांवर परतली, त्यांना थांबता येणार नव्हतं. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गावी पोचलो. गल्लीत एकही दार उघडं नव्हतं. "जेवून जा," सर म्हणाले. शेजारच्या म्हातारीने भाकरी आणि पिठलं करून झाकून ठेवलं होतं. मी परसात पाय धुवायला गेलो. अंग ठणकत होतं, त्यामुळे दगडावर जरा बसून राहिलो. परत आलो तर आत दोन पाट मांडलेले, दोन ताटं, दोन तांबे. एका ताटात भाकरी होती आणि सर त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते. ताटातलं पिठलं निवून वर साय धरली होती. मला पाहून ते दचकले. मला जेवायला थांबवलंय, हे रोजच्या सवयीच्या नादात ते विसरूनच गेले असावेत. दुसरं ताट माझ्यासाठी नव्हतं.

"थांबलात कशाला सर? जेवायचं ना."

"अर्धा तास थांबतो रोज," ते म्हणाले. "घरचा कोरम दोनाचा हाय. सहसचिव गेल्यापास्नं भरत न्हाई. मग तहकूब करायचं, अन् अर्ध्या तासानं एकट्यानं सुरू करायचं. नियमात हाय."

मी दुसऱ्या पाटावर बसलो आणि ताट पुढे ओढलं.

मुंजाजीसरांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं आणि मला भाकरी वाढली.